आजची चूक

त्या दिवशी वर्गाने माझ्या दोन चुका पकडल्या. मी केली होती एकच.

पहिली पकडली वकिलाने. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण चाचणीत कापलेल्या अर्ध्या गुणासाठी त्याने अख्खी मधली सुट्टी माझ्याशी वाद घातला, तेव्हापासून तो वकील. सरासरी काढताना मी पाच संख्यांच्या बेरजेला चाराने भागलं होतं. तो ताडकन उठला आणि ओरडला, "बाई, चूक!" मी कपाळाला हात लावला, पकडलंत का मेल्यांनो, असा चेहरा केला आणि डस्टर त्याच्या हातात देणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, अजून एक! आठ आणि नऊ सतरा होतात. तुम्ही सोळा लिहिलंय."

सगळा वर्ग फळ्याकडे बघायला लागला. मीही. सोळाच होतं, माझ्याच वळणदार अक्षरात.

"आज डबल!" वकील म्हणाला. "एकावर एक फ्री!"

वर्ग खिदळला. मीही हसले. दुसरं काय करणार? पण ते सोळा मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

या चुकांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कसली गणिताची बाई.

मी नवीन नवीन नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. फळ्यावर उदाहरण लिहिताना माझा एक आकडा चुकला. माझ्या ते तास संपताना लक्षात आलं. बघते तर सगळ्या वर्गाने तो निमूट वहीत उतरवून घेतलेला. पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलीला विचारलं, "तुला दिसलं नाही का गं?" म्हणाली, "दिसलं." "मग बोलली का नाहीस?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाली, "बाई कशा चुकतील?"

त्या उत्तराचा मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवसापासून मी खेळच सुरू केला. रोज तासाला एक चूक मी मुद्दाम करणार. पकडेल त्याने उभं राहून, शेजारच्याच्या कानात नाही, खणखणीत आवाजात "बाई, चूक!" म्हणायचं. फळ्यापाशी यायचं, दुरुस्त करायची. मग त्या दिवसाचं डस्टर त्याचं. फळा वरून खाली पुसायचा, मध्येच कुठेतरी रांगोळी पुसल्यासारखा नाही. हा माझा दुसरा हट्ट.

सगळी हयात मी हे केलं. सकाळी चहा घेताना आजची चूक निवडायची. फार सोपी नको, फार आडवळणाची नको. कधी चिन्हाची, कधी हातच्याची. इतर बायका दागिने निवडताना जेवढा वेळ लावत असतील तेवढा मी चुकीला लावते. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना गणित किती आलं देव जाणे, पण मोठ्या माणसाच्या तोंडावर "इथे चुकताय" म्हणायला ती शिकली. मुख्याध्यापकांकडे पालकांच्या तक्रारी यायच्या. पोरगं घरी बापाची चूक काढतं म्हणून. मला त्या तक्रारी बक्षिसासारख्या वाटायच्या.

तर त्या डबलच्या दिवशी मी घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, चपला जागेवर ठेवल्या. माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक आई, असं मी म्हणायचे. आता नुसत्या दोन खोल्या. आई होती तोवर मला एक मिनिट सुखाने चुकता आलं नाही. भाजीत मीठ जास्त, दुधावर झाकण नाही, पंखा चालूच ठेवलास, हा रंग तुला शोभत नाही. मी करवादायचे, "आई, पुरे गं!" ती म्हणायची, "मी बोलते तोवर ऐकून घे. नंतर कोणी बोलणार नाही."

खरंच कोणी बोलत नाही. आई गेल्यापासून या घरात मी एकदाही चुकलेली नाही. भाजी खारट झाली तर मीच खाते. पंखा रात्रंदिवस फिरला तरी फिरतो. एकट्या माणसाच्या घरात चूक नावाची गोष्टच नसते, कारण ती पकडायला दुसरं माणूस लागतं.

मी खुर्चीत बसले आणि पाढे म्हणून बघितले. मोठ्याने. बारा, तेरा, सतरा, एकोणीस, सगळे धडधडत गेले. मग उगीच साताचा घेतला. सात सक बेचाळीस, सात सत्ते एकोणपन्नास, सात आठे... आणि पुढे काहीच नव्हतं. घसरले नाही, अडखळले नाही. तिथे पायरीच नव्हती. मी पुन्हा एकपासून सुरू केलं आणि वेगात असल्यामुळे त्या पायरीवरून उडी मारून त्रेसष्टवर पोहोचले.

धाकट्या बहिणीचा रविवारी फोन येतो. तिला मी आडून विचारलं, वय झालं की पाढे विसरतात का गं. ती म्हणाली, "ताई, मला तर कधी येतच नव्हते. तुझ्या हातच्या चापट्या आठवतात फक्त." मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "काय झालंय? डॉक्टरांना दाखवू या का? मी येते." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" आणि तिच्या सुनेची चौकशी सुरू केली. सुनेचा विषय काढला की माझी बहीण बाकी सगळं विसरते.

नंतर डबलचे दिवस वाढले. एकदा तर तिबल झाली. मी नवा नियम जाहीर केला, की यापुढे चुका कितीही असू शकतील, डोळ्यात तेल घालून बसा. पोरं खूश. मी मात्र फळ्याकडे तोंड करून लिहिताना प्रत्येक आकड्यापाशी थबकायला लागले. पाठीमागे कोणी "बाई" म्हटलं तरी मी लिहिलेलं पुसायलाच जायचे. पोरीला नुसतं पाणी प्यायला जायचं असायचं.

स्टाफरूममध्ये सांगावं असं कोणी नाही. माझ्या बरोबरीचे एकेक करून निवृत्त झाले. आता आहेत ती सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची, मान खाली घालून मोबाइलमध्ये. मला मान देतात, मी आले की खुर्ची देतात, आणि गप्पा थांबवतात. चित्रकलेचे सर तेवढे बोलतात. ते एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही जुगार खेळू नका. मुद्दाम चूक करून झाली की तुम्ही वर्गाकडे अशा चोरून बघता, की खिडकीबाहेरून जाणाऱ्यालाही कळतं." मी म्हटलं, "तुम्ही तुमचा रंग कालवा." पण हे मला माहीतच नव्हतं.

आणि त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी बोलावलं. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सज्जन माणूस. म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक करतोय. तुमची दोन वर्षं उरलीत. वरचे वर्ग नेहमीसारखे तुमच्याकडेच धरू ना? की आता जरा हलकं काम घेता? ग्रंथालय वगैरे?"

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे पुस्तकं गप्प असतात आणि पोरं गप्प करावी लागतात. मी म्हटलं, "शनिवारी सांगते." ते हसले. "त्यात सांगायचं काय? मी धरूनच चालतो."

मी घरी येऊन विचार केला. वर्ग गेला तर माझ्याकडे काय उरतं? सकाळी चहा घेताना निवडायला काही नाही. दिवसभरात मला "चूक" म्हणणारं कोणी नाही. मला भीती वाटली. सरळ सांगते, मरणाची वाटत नाही एवढी भीती मला त्या जिन्याखालच्या खोलीची वाटली.

पण त्याच आठवड्यात नवल घडलं. डबल बंद झाली. रोज एकच चूक पकडली जायची, आणि ती मी केलेलीच असायची. सोमवारी एक, मंगळवारी एक. मी मनात म्हटलं, थकवा असणार. झोप नीट नव्हती. रात्री साताच्या पाढ्याकडे मात्र मी फिरकले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी मी ठरवलं, आज परीक्षा. वर्गाची नव्हे, माझी. आज मुद्दाम चूक करायचीच नाही. तास संपेपर्यंत एकही हात वर आला नाही, तर उद्या मुख्याध्यापकांना सांगायचं, वर्ग माझेच.

मी फळा भरून लिहिलं.  शेवटची ओळ लिहून, खडू ठेवून वळले आणि म्हटलं, "हं, शोधा."

अळीमिळी गुपचिळी. वकीलसुद्धा पेन चावत बसला होता. घंटा होईपर्यंत कोणी हललं नाही. मला काय वाटलं सांगू? मला त्या पोरांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "आज हरलात! आज चूक नव्हतीच!" आणि टेबलावरची पुस्तकं गोळा करायला लागले.

पोरं खेळायला पळाली. मौनी तेवढी मागे राहिली. मौनी म्हणजे तिसऱ्या बाकावरची सडपातळ मुलगी. वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. उत्तर वहीत लिहून वही पुढे करायची. ती म्हणाली, "बाई, फळा मी पुसते." आणि डस्टर उचलून तिने फळ्याच्या मधोमध एक फटकारा मारला.

माझा हट्टी स्वभाव आडवा आला. "अगं वरून खाली! किती वेळा सांगायचं?" म्हणत मी तिच्या हातातलं डस्टर धरलं, आणि मग मी फळ्याकडे बघितलं.

वरच्या ओळीत सात गुणिले आठ होतं. खालच्या ओळीत अधिक सहा, बरोबर साठ. मधलं उत्तर पुसलेलं. साठातून सहा गेले, चौपन्न. म्हणजे मी तिथे चौपन्न लिहिलं होतं. सात आठे चौपन्न? मी मनात म्हणायला लागले. सात सक बेचाळीस, सात सत्ते एकोणपन्नास, सात आठे... ओठ हलत असावेत माझे.

"छप्पन्न, बाई," मौनी हळू म्हणाली.

खाली मैदानात आरडाओरडा चालला होता. मी बाकावर बसले. ती बसली नाही, गेलीही नाही.

"सगळ्यांना दिसलं होतं?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग बोललं का नाही कोणी?"

"आम्ही ठरवलंय. तुमची मुद्दाम केलेली चूक तेवढी सांगायची. दुसरी नाही सांगायची. तास संपला की डस्टर मी मागून घेते आणि ती आधी पुसते."

"दुसरी कुठली हे कसं कळतं तुम्हाला?"

"मुद्दाम चूक केली की तुम्ही आमच्याकडे बघता," ती म्हणाली. "दुसरी केली की बघत नाही."

 मग तीच म्हणाली, आणि वर्षभराचं बोलणं तिने एकदम बोलून टाकलं. "डबल झाली की तुम्ही हसता. पण मग खडू धरून नुसत्या उभ्या राहता. गेल्या आठवड्यात तुम्ही जिन्यात बोटांवर मोजत होता, वकिलाने बघितलं. तो म्हणाला, आता बास. तोच म्हणाला सगळ्यांना."

वकील! अर्ध्या गुणासाठी माझा जीव खाणारा तो कार्टा.

मी तिला जायला सांगितलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. रडले, त्यात काय लपवायचं? आई गेल्यानंतर माझ्यासाठी कोणी काही ठरवलं नव्हतं, कोणी काही झाकलं नव्हतं. माझ्याच मागे, मला ताकास तूर न लागू देता, वर्गभर पोरं मला सांभाळत होती. असं वाटलं, राहू दे. चालू दे असंच. दोन वर्षं हां हां म्हणता जातील. मौनी फळा पुसत राहील.

आणि मग मला ती जुनी मुलगी आठवली, पुढच्या बाकावरची. बाई कशा चुकतील म्हणणारी. ती भीतीने गप्प बसली होती, ही मायेने. पण वर्ग गप्पच बसला होता ना? आयुष्यभर मी पोरांना जे एकच शिकवलं, ते माझ्यासाठीच त्यांनी गिळलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं तरी कोणावर?

शनिवारी मी वर्गात गेले. चहा घेताना चूक निवडली नव्हती. समीकरणाचं एक लांबलचक उदाहरण फळ्यावर सोडवलं, शेवटपर्यंत, कुठेही न थबकता. लिहून झाल्यावर मी पुन्हा वरून खाली वाचलं. मला सगळं बरोबर दिसत होतं. तो क्षण फार वाईट होता. आपलंच अक्षर, आपलाच फळा, आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे आपल्याला कळू नये. मी वळले. सगळ्या माना खाली.

म्हणजे होती.

"आज मी मुद्दाम चूक केलेली नाही," मी म्हटलं. "आहे ती खरी आहे. कुठे आहे ते मला दिसत नाही."

कोणी वर बघेना. वकील बाकावर नखाने काहीतरी कोरत होता.

"अरे, मला खरंच दिसत नाही," मी म्हटलं. "माझ्या घरी मला सांगणारं कोणी नाही. तुम्ही नाही सांगितलं, तर मला कोण सांगणार?"

पंख्याचा आवाज येत होता. मग तिसरा बाक सरकल्याचा आवाज आला. मौनी उभी होती. हात पाठीमागे बांधलेले.

"बाई, चूक!"

इतका मोठा आवाज त्या पोरीत असेल असं कोणाला वाटलं नसतं. शेजारची दचकली.

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. चार पलीकडे नेले, पण चिन्ह बदललं नाही."

"ये. दाखव."

ती आली. अधिकातली उभी रेघ पुसून तिने उणे केलं आणि तिथून खालचं सगळं नव्याने सोडवलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. झाल्यावर मी डस्टर पुढे केलं. ती घेईना. डोळे भरले होते तिचे.

"घे," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम. आणि वरून खाली."

तिने घेतलं. वरून खाली पुसलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माझ्या मनासारखं. सगळ्या वर्षात कोणी इतका स्वच्छ फळा पुसला नव्हता.

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांना सांगितलं, पुढच्या वर्षी गणिताला माझं नाव धरू नका. ते दचकले. कारण विचारलं, तेही सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाई, कोणाच्या लक्षातही आलं नसतं." मी म्हटलं, "तीच तर भीती आहे, सर." मग व्हरांड्यात येऊन बहिणीला फोन लावला. शनिवारी माझा फोन बघून ती घाबरलीच. म्हटलं, "डॉक्टरांकडे येतेस ना माझ्याबरोबर?" तिने सुनेचं नावसुद्धा काढलं नाही. "उद्या सकाळी निघते," म्हणाली.

फोन पर्समध्ये टाकला तोवर सुट्टी संपून पुढचा तास सुरू झाला होता. मी जिन्याकडे निघाले. वाटेत माझाच वर्ग. आत विज्ञानाचे नवे सर होते, याच वर्षी लागलेले, अजून कॉलरचं बटण लावणारे. दार अर्धवट उघडं होतं. मी पुढे जाणार, तेवढ्यात तोच आवाज आला, सकाळचाच, खणखणीत.

"सर, चूक!"

 सरांना याची सवय नव्हती. मी भिंतीला टेकून श्वास रोखून उभी राहिले. त्या पोरीला त्यांनी दम भरला असता, तर मी तिथेच आत शिरून त्यांचा कान धरला असता, नोकरी गेली खड्ड्यात.

"कुठे?" शेवटी सर म्हणाले. "दाखव बरं."

चपलांचा आवाज झाला. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज झाला. सर म्हणाले, "अरेच्चा! हो की. बस खाली."

ती बसली नसावी. कारण मग वकिलाचा आवाज आला.

"सर, तसं नाही. आता डस्टर तिला द्यायचं असतं."